जागेवर नसलेल्या माणसाचं ज्ञान

दूरवर पसरलेल्या टीममध्ये माहिती कशी वाटून घ्यायची : एक अभ्यास

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात संगणकाच्या कंपनीची गोष्ट कशाला, असं कुणीतरी विचारणारच. म्हणून आधीच सांगते. आपल्यापैकी बरेच जण पदवी घेऊन बाहेर पडले की अशा कामाला लागणार आहेत, जिथं साहेब एका देशात, सहकारी दुसऱ्या देशात आणि आपण बेळगावात घरच्या टेबलावर. माझी आतेबहीण तीन वर्षं असंच काम करतेय. तिच्या टीममध्ये सात माणसं, ती चार देशांत. त्यातल्या दोघांना तिनं अजून प्रत्यक्ष बघितलेलं नाही. या कामात सगळ्यात अवघड काय, असं मी तिला विचारलं. मला वाटलं, रात्रीच्या मीटिंगा म्हणेल. ती म्हणाली, "कुणाला काय माहीत आहे, तेच माहीत नसतं बघ."

या एका वाक्याचा अभ्यास म्हणून हा लेख लिहिलाय. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, सर्व्हर चालवणं हा माझा प्रांत नाही. पण समोर नसलेल्या वाचकासाठी लिहिणं हा तर आपलाच विषय आहे. रिमोट टीमच्या कामाचा मोठा भाग हाच असतो. शेजारी कुणी बसलेलं नसतं, त्यामुळं आपल्याला जे कळलं ते दुसऱ्याला कळावं यासाठी ते लिहावं लागतं, विचारावं लागतं, आणि पोचलं की नाही हेही बघावं लागतं. या तिन्हींपैकी एक जरी राहिलं तर काय होतं, हे दाखवणारी एक खरी घटना आधी बघू.

१. एका रात्रीची गोष्ट

गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलं काम तिच्या संकेतस्थळावर ठेवतात आणि तिथंच एकमेकांबरोबर काम करतात. २०११ मध्ये युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेत्स यांनी हा प्रकल्प सुरू केला. पुढं नेदरलँड्सचे सिड सिब्रांडी त्यांना मिळाले आणि कंपनी उभी राहिली. या कंपनीतली माणसं अनेक देशांतून आपापल्या घरून काम करतात. कंपनीचे नियम, कामाच्या पद्धती, सगळं एका मोठ्या हँडबुकमध्ये लिहिलेलं असतं आणि ते कुणालाही वाचता येतं. म्हणजे लिहून ठेवण्याच्या बाबतीत ही माणसं आळशी नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यांच्याच बाबतीत घडली.

३१ जानेवारी २०१७. संकेतस्थळावर अचानक ताण वाढला होता. सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये असते त्याचे दोन सर्व्हर होते : एक मुख्य, आणि दुसरा त्याची सतत प्रत ठेवणारा. ताणामुळं दुसरा मागं पडला आणि प्रत घेणं थांबलं. रात्र झाली होती. एक इंजिनिअर काम आवरायच्या बेतात होता, पण हे बघून थांबला. त्यानं ठरवलं, दुसऱ्या सर्व्हरवरची अर्धवट प्रत पुसायची आणि मुख्य सर्व्हरवरून नवी घ्यायची.

नवी प्रत घ्यायची आज्ञा त्यानं दिली. पडद्यावर काहीच आलं नाही. चूक झाली असंही नाही, चाललंय असंही नाही. काही सेटिंग बदलून त्यानं पुन्हा दिली. पुन्हा तेच. त्याला वाटलं, दुसऱ्या सर्व्हरवर जुन्या फायली उरल्यात, त्या आड येत असतील. म्हणून त्यानं त्या पुसायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या नव्हे, मुख्य सर्व्हरवर आहोत. आज्ञा थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरली होती.

आता बॅकअप शोधायला लागले. रोज एक बॅकअप दूरच्या साठ्यावर जायला हवा होता. तो साठा उघडला तर रिकामा. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या, त्यामुळं तो रोज अडत होता. अडला की ईमेल पाठवायचा. पण त्या ईमेलवर खरेपणाची जी डिजिटल सही लागते ती नव्हती, म्हणून समोरची यंत्रणा त्या नाकारत होती. डिस्कची आपोआप प्रत घ्यायची एक सोय होती, ती डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी चालूच केलेली नव्हती. शेवटी कामी आली ती साधारण सहा तास आधी एका इंजिनिअरनं वेगळ्याच कामासाठी हातानं काढलेली प्रत. म्हणजे योगायोग. त्या प्रतीवरून संकेतस्थळ परत उभं करायला सुमारे अठरा तास लागले. लोकांनी ठेवलेला कोड सुरक्षित राहिला, पण मधल्या काळातले सुमारे ५,००० प्रकल्पांचे तपशील, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच.

यानंतर त्या कंपनीनं जे केलं त्यामुळं आपल्याला आज हे सगळं सांगता येतंय. दुरुस्ती चालू असतानाच त्यांनी आपली कामाची टिपणं सगळ्यांना वाचायला उघडी ठेवली. दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर केलं. आणि फेब्रुवारीत सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्या इंजिनिअरचं नाव नाही, "टीम-सदस्य १" असा उल्लेख आहे.

२. हरवलं काय होतं?

पहिल्यांदा वाचलं की वाटतं, चुकीच्या सर्व्हरवर चुकीची आज्ञा, संपलं. पण तो अहवाल नीट वाचला की तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि तिन्ही माहिती वाटून घेण्याच्या आहेत.

पहिली गोष्ट. ती आज्ञा गप्प का बसली होती? नंतर दुसऱ्या एका इंजिनिअरनं सांगितलं की तिचं वागणं तसंच असतं. मुख्य सर्व्हर माहिती पाठवायला लागेपर्यंत ती काही न बोलता वाट बघते. हा दुसरा इंजिनिअर त्या वेळी कामावर नव्हता. आणि त्याला जे माहीत होतं ते कंपनीच्या कामाच्या टिपणांत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, त्या प्रोग्रॅमच्या अधिकृत माहितीतही नव्हतं. "ही आज्ञा सुरुवातीला काही दाखवत नाही, थांबा" एवढं एक वाक्य कुठंतरी असतं, तर फायली पुसायचा विचारच बहुधा आला नसता. मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्ञान टीममध्ये होतं. फक्त ते एका डोक्यात होतं, आणि ते डोकं त्या वेळी जागेवर नव्हतं.

दुसरी गोष्ट. बॅकअप अडतोय ही माहिती पाठवली जात होती, रोज. पण पोचत नव्हती. पाठवणाऱ्या बाजूला सगळं व्यवस्थित, घेणाऱ्या बाजूला शांतता. आणि शांतता म्हणजे सगळं ठीक, असं आपण सगळेच धरून चालतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "सगळ्यांना कळवलंय" असं म्हणणारा माणूस आणि ती बिचारी ईमेल यांत फारसा फरक नाही.

तिसरी गोष्ट. बॅकअप खरंच परत वापरता येतो का, हे कुणी तपासून का पाहिलं नाही? अहवालाचं उत्तर सरळ आहे : ते काम कुणा एकाच्या नावावर नव्हतं. आपल्याकडं याला बारभाईची खेती म्हणतात.

हीच माणसं एका खोलीत बसली असती तर? त्या इंजिनिअरनं मान वळवून विचारलं असतं, "अरे, हे असं गप्प का बसलंय?" पलीकडून कुणीतरी म्हटलं असतं, "थांब जरा, ते तसंच करतं." ऑफिसमध्ये अशी देवघेव दिवसभर चालू असते. चहाच्या टपरीवर, जिन्यात, डबा खाताना. तिचा हिशोब कुणी ठेवत नाही, म्हणून तिची किंमतही कळत नाही. टीम दूर गेली की पहिल्यांदा ही देवघेव बंद पडते, आणि तिच्या जागी काहीतरी मुद्दाम उभं करावं लागतं.

३. सगळं लिहिता येतं का?

मग उपाय सोपा दिसतो : सगळं लिहून ठेवा. पण तेवढ्यानं भागत नाही. कुंदा कसा करायचा हे लिहून देता येतं. दूध किती, साखर किती, आच किती. पण "रंग आला की उतरवा" यातला रंग कागदावर येत नाही. ज्यानं कधी कढईसमोर उभं राहून बघितलंय त्यालाच तो कळतो.

मायकल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ मधल्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला : माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं त्याला शब्दांत सांगता येत नाही. अशा ज्ञानाला आपण अव्यक्त ज्ञान म्हणू. त्याचा चांगला पुरावा हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये दिला. कॅनडातल्या एका संशोधन संस्थेत नव्या प्रकारचा लेझर तयार झाला होता. त्याची माहिती देणारे लेख छापून आले आणि ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळा तो बनवायला लागल्या. कॉलिन्सनं जाऊन विचारपूस केली. त्याला असं दिसलं की केवळ छापील लेख वाचून एकाही प्रयोगशाळेला तो लेझर चालवता आला नव्हता. ज्यांना जमला त्यांचा, आधी तो बनवलेल्या कुणाशी तरी संबंध होता : भेट, फोन, माणसांची ये-जा. नुसती माहिती असलेल्या पण स्वतः लेझर न चालवलेल्या मध्यस्थाचाही उपयोग झाला नाही. एखादी वायर किती आखूड ठेवायची, असल्या बारीक गोष्टी लेखात नसायच्या. लिहिणाऱ्याला त्या लिहिण्यासारख्या वाटलेल्याच नसायच्या.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक, लिहिता येण्यासारखं सगळं लिहावंच, कारण जागेवर नसलेल्या माणसाला तोच आधार. दोन, जे लिहून पोचत नाही त्यासाठी माणसाला माणूस भेटायला हवा. रिमोट टीममध्ये याचे साधे मार्ग आहेत. एकानं आपला पडदा दुसऱ्याला दाखवत काम करायचं आणि करता करता बोलायचं. नवीन माणसाला पहिले काही आठवडे एका अनुभवी माणसाबरोबर जोडून द्यायचं. आणि लिहिलेली सूचना नवीन माणसानं वाचून, कुणाला न विचारता, करून बघायची. तो जिथं अडेल तिथं सूचनेत काहीतरी राहिलंय. चांगल्या टीममध्ये ती जागा दुरुस्त करायचं काम त्या नवीन माणसालाच देतात, कारण ती जागा फक्त त्याला दिसते. जुन्या माणसाला ती दिसायची बंद झालेली असते.

४. राखून ठेवलेला डाव

आता एक अवघड प्रश्न. मला येतं ते सगळं मी लिहून दिलं, तर माझी गरज काय उरेल?

बेळगावात तालमींची परंपरा मोठी आहे, त्यामुळं वस्ताद एक डाव राखून ठेवतो ही गोष्ट आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको. नोकरीत हा डाव राखणारे पुष्कळ असतात आणि त्यांना सरसकट स्वार्थी म्हणणं बरोबर नाही. ज्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याचा भरवसा नाही, तो आपलं ज्ञान हातचं राखणारच. कॉलिन्सच्या शास्त्रज्ञांमध्येही हे होतं. विचारलं तर खोटं सांगायचं नाही, पण जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. त्यामुळं ज्याला काय विचारायचं हेच ठाऊक नाही, तो कोराच राहायचा.

झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांच्याबरोबर फिरून अभ्यास केला आणि १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कंपनीनं यंत्र दुरुस्तीची जाड पुस्तकं दिली होती. पण पुस्तकात नसलेला बिघाड आला की हे तंत्रज्ञ एकमेकांना गोष्टी सांगायचे. "त्या अमक्या ऑफिसातलं यंत्र असंच करत होतं, मी हे बघितलं, ते बघितलं, आणि शेवटी काय निघालं माहितेय?" ऑरच्या मते या गप्पा हा कामाचाच भाग होता. अवघड बिघाडाचं ज्ञान या गोष्टींमधून फिरत होतं.

पुढं याच कंपनीत युरेका नावाची व्यवस्था उभी राहिली, तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तंत्रज्ञानं आपल्याला सापडलेला उपाय तिथं लिहायचा, अनुभवी तंत्रज्ञांनी तो तपासायचा, आणि मग तो सगळ्यांना खुला. उपायाखाली तो शोधणाऱ्याचं नाव. आपल्यासारख्याच काम करणाऱ्यांत नाव होणं, हेच तिथं लिहिणाऱ्याचं मोठं बक्षीस ठरलं.

ऑफिसातल्या वस्तादाला डाव सोडायला सांगायचं असेल तर ही व्यवस्था आधी करावी लागते. ज्यानं सांगितलं त्याचं नाव राहिलं पाहिजे, त्याच्या वेळेची गणती कामात झाली पाहिजे, आणि चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. गिटलॅबच्या अहवालात त्या इंजिनिअरचं नाव न देण्याचं महत्त्व मला यात दिसतं. ज्या टीममध्ये चूक सांगितली की माणूस जातो, तिथं पुढची चूक कुणी सांगत नाही.

५. साडेतेरा तासांचं अंतर

आता थोडं व्यवहाराचं बघू. समजा तुम्ही बेळगावात आहात आणि तुमची सहकारी सॅन फ्रान्सिस्कोत. हिवाळ्यात दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेतेरा तासांचं अंतर असतं. तुम्ही सकाळी दहाला प्रश्न पाठवलात तेव्हा तिथं आदल्या दिवशीची रात्रीची साडेआठ झालेली असते. ती दुसऱ्या दिवशी नऊला कामाला बसते, तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा. तिचं उत्तर तुम्ही सकाळी दहाला वाचता. एका प्रश्नाला चोवीस तास. आणि तिचं उत्तर "कुठला रिपोर्ट?" एवढंच असेल, तर आणखी चोवीस.

म्हणून संदेश कसा लिहिला यावर दिवस वाचतात किंवा वाया जातात. हे दोन नमुने बघा.

पहिला : "हाय, रिपोर्ट चालत नाहीये. प्लीज जरा बघ ना."

दुसरा : "विक्रीचा साप्ताहिक रिपोर्ट आज सकाळी नऊपासून उघडत नाही. काल संध्याकाळी सहाला उघडत होता. मी पान पुन्हा उघडून बघितलं, दुसऱ्या ब्राउझरवरही बघितलं. दोन्हीकडं 'परवानगी नाही' असा संदेश येतो, त्याचं चित्र खाली जोडलंय. काल रात्री परवानग्या बदलल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे, खात्री नाही. रिपोर्ट मला गुरुवारी दुपारपर्यंत लागेल. हे तुझ्याकडं नसेल तर कुणाला विचारायचं, तेवढं नाव सांग."

दुसऱ्या नमुन्यात काय काय आहे ते सुटं करून बघू. नेमकी कुठली वस्तू, ते आहे. कधीपासून, ते आहे. मी काय करून बघितलं, ते आहे, म्हणजे तिनं तेच पुन्हा सुचवायला नको. बघितलेलं आणि अंदाज केलेलं वेगळं ठेवलंय. कधीपर्यंत हवं, ते आहे. आणि शेवटच्या वाक्यामुळं उत्तर तिच्याकडं नसलं तरी दिवस फुकट जात नाही.

आणखी एक सवय. उत्तर मिळालं आणि काम झालं, की ते उत्तर खाजगी संदेशात ठेवून द्यायचं नाही. चार ओळींत टीमच्या सामाईक जागी लिहायचं : अडचण काय होती, कशानं सुटली, तारीख, आणि सांगणाऱ्याचं नाव. तारीख हवीच. जुनी झालेली सूचना खरी समजून वापरली तर ती नसलेल्या सूचनेपेक्षा घातक ठरते.

६. इंग्रजी आणि गप्प बसणारी माणसं

हा भाग मला आपल्यासाठी सगळ्यात जवळचा वाटतो. आंतरराष्ट्रीय टीमची भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते. आपल्या वर्गात मराठी माध्यमातून आलेले निम्मे तरी असतील. विषय त्यांना पक्का येतो. पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात जुळवायचं, तपासायचं, आणि तोंड उघडेपर्यंत चर्चा पुढं गेलेली असते. मग हे गप्प. आणि गप्प बसलेल्याला काही येत नाही, असं धरलं जातं.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. जपानच्या राकुतेन कंपनीचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी २०१० मध्ये जाहीर केलं की यापुढं कंपनीचं कामकाज इंग्रजीत चालेल. कर्मचाऱ्यांना ठरावीक गुण मिळवायला दोन वर्षं दिली. कॅन्टीनचे मेनूसुद्धा इंग्रजीत झाले. हार्वर्डच्या प्राध्यापिका त्सेदाल नीली यांनी या बदलाचा अनेक वर्षं अभ्यास करून २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं. परक्या भाषेत काम करावं लागलं की आपल्या कामात हुशार असलेल्या माणसालाही आपली पत उतरल्यासारखं वाटतं, ही गोष्ट त्यांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा येते. यात नुकसान त्या एकट्या माणसाचं होतं असंही नाही. त्याला जे माहीत असतं ते टीमला कळतच नाही. तोही जागेवर असून नसल्यासारखा.

यावर काही गोष्टी करता येतात. मीटिंगचे मुद्दे एक दिवस आधी लिहून पाठवले, तर ज्याला शब्द जुळवायला वेळ लागतो तो तयारीनं येतो. मीटिंगनंतर एक दिवस लेखी मत द्यायला ठेवला, तर बोलू न शकलेला लिहितो. ज्यांची इंग्रजी अस्खलित आहे त्यांनी म्हणी आणि क्रिकेट-बेसबॉलचे वाक्प्रचार टाळून छोट्या वाक्यांत बोलावं. आणि आपण? आपण साध्या इंग्रजीची लाज सोडावी. "मला हे असं समजलं, बरोबर आहे का?" हे वाक्य कुठल्याही टीममध्ये सोन्यासारखं आहे.

या बाबतीत सीमाभागातल्या मुलांना एक सवय आयतीच आहे. आपल्या बाजारात गिऱ्हाईक मराठीत विचारतं, दुकानदार कन्नडमध्ये उत्तर देतो, आणि शेवटी दोघं भाव एकदा बोलून पक्का करतात. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, कॉलेजात तिसरी. समोरच्याला कळलं की नाही हे त्याच्या तोंडाकडं बघून ओळखायचं आणि नसेल तर दुसऱ्या शब्दांत सांगायचं, हे आपण लहानपणापासून करतो. पडद्याआडच्या माणसाचं तोंड दिसत नाही एवढाच फरक. म्हणून तिथं बघण्याऐवजी विचारायचं.

७. आपल्या मंडळापासून सुरुवात

नोकरी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. आपलं मंडळ म्हणजे एक प्रकारे दूरची टीमच आहे. अंतर मैलांचं नसून वर्षांचं आहे. दरवर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं जातात आणि त्यांच्याबरोबर बरंच काही जातं. काव्यवाचनासाठी सभागृह कुणाकडं आणि किती दिवस आधी मागायचं, जुन्या फॉन्टमध्ये आलेला लेख युनिकोडमध्ये बदलताना कुठली जोडाक्षरं मोडतात, कुठल्या पाहुण्यांना पत्र लागतं आणि कुणाला फोन चालतो. नवे संपादक हे सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधतात. यासाठी एक सामाईक वही करावी, प्रत्येक पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख असावी, आणि ती दरवर्षी तपासायचं काम सहसचिवाच्या नावावर लिहून टाकावं, असं मी सुचवते.

वाचकांसाठी चार स्वाध्याय देते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांवर बोलू.

एक. तुम्हाला चांगलं येणारं एक छोटं काम निवडा. त्याची कृती लिहा आणि ते कधीही न केलेल्या मित्राला द्या. तो करत असताना बोलू नका. तो कुठं अडतो तेवढं टिपून घ्या.

दोन. त्या कामातला "रंग आला की उतरवा" असा भाग कोणता, तो शोधा. तो दाखवायला किती वेळ लागला?

तीन. गेल्या आठवड्यात तुम्ही कुणाला पाठवलेला एखादा प्रश्न घ्या. समोरचा माणूस चोवीस तासांनीच उत्तर देणार आहे असं समजून तो पुन्हा लिहा.

चार. तुम्ही ज्या गटात काम करता, त्यात फक्त एकाच माणसाला माहीत असलेली एक गोष्ट शोधून काढा. त्या माणसाला विचारा, लिहून घ्या, आणि खाली त्याचं नाव घाला.